रिपोर्टमधलं कॉर्टिसॉल सारखंच, मग एकाची झोप उडते आणि दुसरा निवांत, असं का?

निंबोणी
"कॉर्टिसॉल कमी कसं करायचं" त्या धाग्यावर आता अश्वगंधा विरुद्ध डार्क चॉकलेट असं युद्ध पेटलंय, तिथे हे टाकलं तर अवांतर होईल म्हणून वेगळा धागा काढतेय. मी बायोकेमिस्ट आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, हार्मोनचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. सकाळी ८ च्या सॅम्पलमधला कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या हार्मोनचा, आकडा बघून लोक "बघा, मी किती स्ट्रेसमध्ये आहे" असं ठरवून मोकळे होतात. मला ते दर वेळी खटकतं, कारण रक्तात हार्मोन किती आहे एवढंच तो आकडा सांगतो, पेशींनी त्याला किती दाद दिली हे त्यात कुठेच येत नाही. दाद देणार रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं हार्मोन पकडणारं प्रोटीन, आणि रिसेप्टर ज्या जीनवरून बनतो तो तुमचा माझा तंतोतंत एकच नसतो.

आधी यंत्रणा पटकन सांगते. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं हार्मोन सुटतं, ते पिट्युटरीला जागं करतं, पिट्युटरी एसीटीएच सोडते, ते रक्तातून किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. कॉर्टिसॉल लिव्हरला साखर सोडायला लावतं, इम्युनिटीला आवर घालतं आणि परत मेंदूकडे जाऊन "आता पुरे" असंही सांगतं. हे "आता पुरे" म्हणजे गिझरचा थर्मोस्टॅट समजा. तो मठ्ठ असेल तर पाणी जास्त तापल्याशिवाय कट होत नाही, तसा रिसेप्टर थोडा मठ्ठ असेल तर कॉर्टिसॉल जास्त चढल्याशिवाय मेंदू थांब म्हणत नाही. आता यातली खरी मेख बघा, तोच मठ्ठ रिसेप्टर लिव्हरमध्ये, चरबीत, स्नायूंत सगळीकडे असतो, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त आणि त्याचा परिणामही बेताचाच. उलट ज्याचा रिसेप्टर तिखट त्याचं कॉर्टिसॉल कमी दिसेल पण लागू जास्त पडेल. आकड्यावरून काय कळणार, कप्पाळ?

आणि रिसेप्टर एक नाही, दोन आहेत. एक एमआर, मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, कॉर्टिसॉलला जवळजवळ दहापट घट्ट धरणारा, त्यामुळे साध्या शांत दिवशीही तो बहुतेक भरलेलाच असतो. दुसरा जीआर, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, तो पहाटे कॉर्टिसॉल चढतं तेव्हा किंवा ताण आल्यावरच नीट भरतो. उंदराच्या मेंदूत ही दोघांची वाटणी र्‍यूल आणि डी क्लूट या डच शास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवली. त्याच वर्षी माणसातला जीआरचा जीनही क्लोन झाला. नाव एनआर३सी१, पाचव्या क्रोमोसोमच्या लांब भुजेवर, आणि त्यातून ७७७ अमिनो आम्लांचं प्रोटीन बनतं. ते पेशीच्या आत एचएसपी९० वगैरे मदतनीसांच्या घोळक्यात बसलेलं असतं, कॉर्टिसॉल चिकटलं की घोळका सोडून केंद्रकात जातं आणि थेट डीएनएवर बसून काही जीन्स चालू करतं काही दाबतं.

या जीनमध्ये लोकांत आढळणारे छोटे फरक बरेच आहेत, त्यातल्या चारांवर सगळ्यात जास्त काम झालंय. जेवून येते आणि लिहिते.

चहाबिस्किट
वाचतोय. पण आधीच एक शंकेचा खडा टाकून ठेवतो, "अमुक जीनमुळे तमुक स्वभाव" टाईपचे पेपर गेल्या वीस वर्षांत एवढे आले आणि नंतर एवढे आपटले की मी आता हे नाव ऐकलं की सँपल किती होतं एवढंच विचारतो.

अण्णा_बेरकी
आमच्या हिच्या रिसेप्टरची मला खात्री आहे, मी दार उघडायच्या आत दाद मिळते.

शेवंता७८
निंबोणी ताई, बरं झालं विषय काढलात. माझ्या मुलीला व्हायवा म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा, हात थंड, दरदरून घाम, आणि तिचा सख्खा भाऊ परीक्षेच्या दिवशी सुद्धा उठवल्याशिवाय उठत नाही. एकाच घरात, एकच डबा खाऊन असं कसं? भाच्याने एक डीएनए किट भेट दिलं होतं त्यात थुंकी पाठवली तर रिपोर्ट आला "स्ट्रेस जीन: वरिअर" (worrier, चिंता करणारी). तेव्हापासून ती स्वतःच म्हणते माझ्या जीनमध्येच आहे, काही उपयोग नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिरजकर
शेवंताताई, मोबाईलवरून टंकतोय, थोडक्यात सांगतो. हात थंड, घाम, धडधड हे सगळं अ‍ॅड्रिनलिनचं आणि नसांचं काम, ते सेकंदात होतं. कॉर्टिसॉल मागून येतं, ताण सुरू झाल्यावर वीस मिनिटं अर्ध्या तासाने त्याचा चढ दिसतो आणि जीन्सवरचे त्याचे परिणाम तासांनी. तेव्हा मुलीचा घाम आणि हा धागा यांचा संबंध आहे पण तुम्ही समजताय तितका सरळ नाही.
दुसरं म्हणजे ते "वॉरिअर की वरिअर" लेबल बहुतेक कॉम्ट नावाच्या जीनवरून देतात. ते डोपामिन वगैरे मोडणारं एन्झाइम आहे, हार्मोनचा रिसेप्टर नव्हेच. डीएनएच्या एका अक्षराच्या फरकावरून पोरीला चिंतातुर ठरवणारे रिपोर्ट विकायला परवानगी कशी मिळते हा वेगळा धागा होईल. सविस्तर रात्री.

निंबोणी
आले. हं, तर चार फरक.

पहिला एन३६३एस. ३६३ व्या जागी अ‍ॅस्पॅराजिनऐवजी सेरीन. एवढ्याने रिसेप्टर थोडा तिखट होतो. हे कळलं कसं तर डेक्सामेथॅसोनने. ही गोळी म्हणजे जास्त जोरदार कॉर्टिसॉलच, रात्री दिली की मेंदू "पुरे" म्हणतो आणि सकाळचं स्वतःचं कॉर्टिसॉल पडतं. रॉटरडॅमच्या संशोधकांनी १९९८ साली वयस्कर लोकांना अगदी बारीक डोस दिला, ०.२५ मिग्रॅ, आपण कुशिंगच्या (कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराच्या) तपासणीसाठी देतो त्याच्या चौथा हिस्सा, आणि एन३६३एस वाल्यांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त दबलं. मोठ्या डोसला सगळेच दबतात, फरक दिसायला डोस लहानच लागतो, मला ही युक्ती फार आवडते.

दुसरा ईआर२२/२३ईके, नाव वाचून घाबरू नका, शेजारशेजारच्या दोन जागांवरचा बदल आहे, पहिल्याने प्रोटीनमध्ये काहीच बदलत नाही, दुसऱ्याने आर्जिनिनच्या जागी लायसिन येतं. हा उलट, रिसेप्टर थोडा मठ्ठ. आणि मठ्ठ म्हणजे वाईट असं नाही बरं का, या लोकांत इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉल जरा बरं निघालं.

तिसरा बीसीएल-वन, हा जीनच्या त्या भागात आहे ज्याचं प्रोटीन बनतच नाही, तरी थोडी संवेदनशीलता वाढवतो, कसा ते अजून नीट उलगडलेलं नाही. हा मात्र खूप लोकांत असतो, दुर्मिळ नाही.

चौथा नाइन-बीटा, जीनच्या पार शेपटाकडे. याची गंमत वेगळीच आहे पण ते आपले नेदरलँड्सवाले सांगतील तर बरं, ते त्या गावचेच आहेत.

ट्यूलिप_आणि_तूर
हाक मारलीत म्हणून आलो. मी रॉटरडॅममध्ये राहतो, एरास्मस मेडिकल सेंटरमध्ये दुसऱ्या विभागात काम करतो, पण जीआरच्या या फरकांवर काम करणाऱ्या लॅम्बर्ट्स आणि फान रॉसम यांच्या गटाचं काम इथे कॅन्टीनमध्ये सुद्धा चर्चेत असायचं.

नाइन-बीटा समजायला एक गोष्ट आधी, एकाच जीनमधून जीआर-अल्फा आणि जीआर-बीटा अशी दोन प्रोटीन्स बनतात. अल्फा कॉर्टिसॉल पकडतो. बीटा पकडतच नाही आणि वर अल्फाच्या कामात आडवा येतो. नाइन-बीटा फरकामुळे बीटाचा आरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप) लवकर मोडत नाही, जास्त टिकतो, म्हणजे आडवे येणारे वाढतात. परिणाम मुख्यतः इम्युनिटीवर. कॉर्टिसॉल तिला नीट दाबू शकत नाही. म्हणून या लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कमी सापडला, जंतूंशी लढाई बरी चाललेली असते, पण त्याच हिशोबाने संधिवाताशी आणि हृदयाच्या आजाराशीही संबंध निघाला. एका हाताने दिलं दुसऱ्याने घेतलं.

आणि एन३६३एस बद्दल आपल्यासाठी महत्त्वाचं. युरोपीय लोकांत तो शंभरात काही जणांकडे असतो. २००४ साली इंग्लंडमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांत शोधला तर फारच तुरळक निघाला. म्हणजे गोऱ्या लोकांवरून बनवलेल्या टेबलात आपल्या लोकांची थुंकी बसवून रिपोर्ट छापणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

चहाबिस्किट
हे सगळं गोळी देऊन. खऱ्या ताणाचं काय? कुणाला खराखुरा ताण देऊन मोजलंय का, की नुसतं फॉर्म भरून घेतले "तुम्हाला टेन्शन येतं का, १ ते ५"?

निंबोणी
मोजलंय, आणि ती पद्धत ऐकून तुम्हाला घाम फुटेल. ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम आणि मंडळींनी १९९३ मध्ये मांडली. तुम्हाला एका खोलीत नेतात, समोर पांढऱ्या कोटातले परीक्षक, कॅमेरा, माईक. थोडी तयारी करायला देतात आणि मग पाच मिनिटं नोकरीच्या मुलाखतीसारखं स्वतःबद्दल बोलायचं. परीक्षकांना हसायचं नाही, मान हलवायची नाही असं शिकवलेलं असतं. तुम्ही मध्येच थांबलात तर ते नुसते बघत राहतात आणि मग "अजून वेळ आहे, बोला" म्हणतात. ते झालं की पाच मिनिटं तोंडी गणित, १०२२ मधून १३ वजा करत जायचं. चुकलात की "चूक, परत १०२२ पासून". आधी, नंतर, परत दर थोड्या वेळाने कापसाच्या बोळ्यात थुंकी घेतात आणि त्यातलं कॉर्टिसॉल मोजतात.

अण्णा_बेरकी
१०२२, १००९, ९९६, ९८३, ९७१

मिरजकर
चूक, अण्णा. परत १०२२ पासून.

अण्णा_बेरकी
गेलं कॉर्टिसॉल वर. नाइन-बीटा असणार माझ्यात. आमच्या चितळे सरांच्या तासाला असंच व्हायचं, फरक एवढाच की ते पांढरा कोट घालत नसत आणि चुकलं की डस्टर यायचं.

निंबोणी
हाहा. तर हीच टेस्ट घेऊन व्यूस्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ११२ निरोगी पुरुषांमध्ये जीआरचे फरक तपासले. एन३६३एस वाल्यांचं थुंकीतलं कॉर्टिसॉल जास्त चढलं, आणि बीसीएल-वनच्या जीजी (दोन्ही प्रतींत जी अक्षर असलेल्या) वाल्यांचं कमी चढलं. आता इथे बघा, दोन्ही फरक "तिखट" गटातले ना? गोळीच्या टेस्टमध्ये दोन्ही एका बाजूला, आणि खऱ्या ताणात दोन टोकांना! म्हणजे गोळी पिट्युटरीला फसवते तो मार्ग आणि परीक्षक समोर बसल्यावर अख्खा मेंदू कामाला लागतो तो मार्ग एक नव्हे. वरती मी गिझर म्हटलं ते शिकवायला ठीक आहे, पण भीती, आठवण, "लोक काय म्हणतील" हे सगळं त्या वायरिंगमध्ये वरून येतं. पुढे स्त्रिया घेऊन तसाच अभ्यास झाला तर पुरुष आणि स्त्रियांत चित्र वेगळं आलं.

चहाबिस्किट
११२ जण. त्यात एन३६३एस किती असतील, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझा मुद्दा हाच आहे आणि मी तो सोडणार नाही. २०१९ मध्ये बॉर्डर आणि मंडळींनी डिप्रेशनचे १८ प्रसिद्ध उमेदवार (आधीपासून संशय असलेले) जीन्स घेऊन प्रचंड मोठ्या डेटावर तपासले, ते कुठल्याही रँडम जीन्सपेक्षा सरस ठरले नाहीत. २०१४ मध्ये सकाळच्या कॉर्टिसॉलवर अख्ख्या जीनोमचा शोध झाला, बारा हजारांवर लोक, सगळे युरोपीय वंशाचे. त्यात काय सापडलं? जीआर नाही. चौदाव्या क्रोमोसोमवर एक जागा, जिथे कॉर्टिसॉल रक्तात वाहून नेणाऱ्या प्रोटीनचा जीन आहे. आणि त्याने सुद्धा माणसामाणसातल्या फरकाचा एक टक्का पण भरला नाही.

निंबोणी
चहाबिस्किट, तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत आहे पण पूर्ण नाही. तो अभ्यास सकाळच्या एका सॅम्पलच्या पातळीचा होता, म्हणजे नेमका तोच आकडा ज्याला मी धाग्याच्या सुरुवातीपासून नावं ठेवतेय. वाहक प्रोटीन जास्त तर एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसणारच, मोकळं कॉर्टिसॉल मात्र तेवढंच राहू शकतं. रिसेप्टरची करामत तिथे दिसेल अशी अपेक्षा मीही केली नसती. आणि जुळ्यांवर ट्रिअर टेस्ट घेतली तेव्हा पहिल्या वेळी आनुवंशिकतेचा वाटा कमी दिसला, तिसऱ्या वेळेपर्यंत बराच वाढला. पहिल्यांदा खोलीच नवीन, सगळेच गडबडतात. सवय झाल्यावरही ज्याचं चढतं त्याचं चढतंच, तिथे घराणं दिसतं. एकदा मोजून जीनला निर्दोष सोडणं किंवा फाशी देणं दोन्ही घाईचं आहे.

एकेका फरकाचा परिणाम बारीक आहे हे मात्र मान्यच. माझं म्हणणंही तेच, की एका अक्षरावरून माणसाचा स्वभाव सांगणारा रिपोर्ट फाडून टाकावा, पण त्या अक्षरांनी यंत्रणा कशी चालते ते उघडं केलं ते फेकू नये.

रानवाटा
मला माणसांपेक्षा प्राण्यांत रस, तरी विचारतो. रिसेप्टर मठ्ठ आणि कॉर्टिसॉल भरमसाठ, पण प्राणी ठणठणीत, असं दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत असतं असं कुठेतरी ऐकलं होतं, ते खरं का?

निंबोणी
रानवाटा, तुम्ही माझ्या आवडत्या प्राण्यावर आलात! स्क्विरल मंकी. त्याच्या रक्तातलं कॉर्टिसॉल माणसाच्या कितीतरी पट असतं, माणसात असतं तर कुशिंग म्हणून थेट अ‍ॅडमिट, आणि हा आपला फांदीवरून फांदीवर. क्रूसॉस यांनी १९८२ च्या सुमारास दाखवलं की त्यांच्या पेशीच कॉर्टिसॉलला कमी दाद देतात. पुढे कारण सापडलं ते गमतीदार आहे. वर मी रिसेप्टर मदतनीसांच्या घोळक्यात बसतो म्हटलं ना, त्यातला एक एफकेबीपी५१ नावाचा, तो मदतनीस कमी आणि लुडबुड्या जास्त, तो घोळक्यात असला की रिसेप्टर कॉर्टिसॉलला सैल धरतो. या माकडांत तो भरपूर असतो.

आणि हाच लुडबुड्या माणसात सगळ्यात महत्त्वाचा निघाला. त्याचा जीन एफकेबीपी५, सहाव्या क्रोमोसोमवर. कॉर्टिसॉल वाढलं की रिसेप्टर डीएनएवर बसून जे जीन्स चालू करतो त्यात हा एक, म्हणजे रिसेप्टर स्वतःच स्वतःला आवर घालणारं प्रोटीन बनवून घेतो. काही लोकांत यातल्या एका जागी टी अक्षर असतं, त्यांच्यात हे प्रोटीन जास्तच जोरात बनतं, मग रिसेप्टर ढिला पडतो, "आता पुरे" उशिरा पोचतं आणि ताण संपून गेला तरी कॉर्टिसॉल लवकर खाली येत नाही.

आता शेवंताताई, हे तुमच्यासाठी. बिंडर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अटलांटाच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये इतर आजारांसाठी आलेल्या सुमारे ९०० लोकांना तपासलं, बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय, आयुष्यात बरंच सोसलेले. नुसत्या एफकेबीपी५ वरून कुणाला पीटीएसडीची (मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाची) लक्षणं जास्त हे सांगता आलं नाही. नुसत्या जीनने काहीच नाही! पण लहानपणी मारहाण किंवा अत्याचार झाले असतील तर त्याचा परिणाम किती खोल जातो हे त्या जीनच्या फरकांप्रमाणे बदललं. पुढे २०१३ मध्ये क्लेंगेल आणि याच गटाने त्यामागची रासायनिक खूण पण दाखवली, जोखमीचं अक्षर असलेल्या ज्या लोकांनी लहानपणी सोसलं होतं त्यांच्यात या जीनच्या आतल्या एका जागेवरचे मिथाइलचे टॅग गळलेले होते, म्हणजे जीन चालू व्हायला आणखी सोपा. अक्षर जन्माचं, टॅग मात्र आयुष्यात गळतो. तेव्हा "माझ्या जीनमध्येच आहे, काही उपयोग नाही" हे तिच्या रिपोर्टनेही सिद्ध होत नाही आणि या अभ्यासाने तर नाहीच नाही.

शेवंता७८
ताई, तिला हे वाचून दाखवलं. "मग भाऊ आणि मी एकाच घरात वाढलो तरी" म्हणून परत सुरू झाली. सख्ख्या भावंडांत जीन सारखे नसतात का?

ट्यूलिप_आणि_तूर
सरासरी अर्धे. प्रत्येक जागेवर आईची दोनातली एक प्रत, बाबांची दोनातली एक, कुठली मिळेल ते नाणेफेकीवर. एखाद्या जागी भावाला अगदी उलट जोडी मिळू शकते. आणि एमआरचा पण फरक असतो, तो कुणी काढलाच नाही इथे, आय१८०व्ही. लायडनच्या डेराइक आणि मंडळींनी २००६ मध्ये दाखवलं की हा फरक असलेल्यांत ट्रिअर टेस्टमध्ये कॉर्टिसॉल आणि हृदयाचे ठोके दोन्ही जास्त वाढले. म्हणजे जीआर, एमआर, एफकेबीपी५, वाहक प्रोटीन, सगळ्या पत्त्यांची पिसणी. एक पत्ता बघून डाव कसा सांगणार.

मंजिरी_ठाणे
वाचनमात्र होते पण राहवत नाही. माझ्या सासूबाईंना संधिवातासाठी स्टेरॉइड सुरू केलं तर काही आठवड्यांत चेहरा चंद्रासारखा, शुगर वर, स्वभाव सुद्धा बदलला, रात्री दोनला उठून डबे घासत बसायच्या. शेजारच्या काकूंना तीच गोळी तोच डोस, त्यांना ढिम्म काही नाही, नुसती भूक वाढली. हेच का ते?

मिरजकर
मंजिरीताई, काही अंशी हेच असू शकतं, स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचंच भावंड, पण सगळं खापर रिसेप्टरवर फोडू नका. गोळी लिव्हरमध्ये किती वेगाने मोडते, बरोबर दुसरं काय चालू आहे, वय, आधीची काठावरची शुगर, यांनीही खूप फरक पडतो. बुरशीवरच्या काही गोळ्या स्टेरॉइड मोडणारं एन्झाइम अडवतात, मग तोच डोस दुप्पट लागू पडल्यासारखा होतो. २०२१ ची कोविडची दुसरी लाट आम्ही डॉक्टर विसरू शकत नाही. रिकव्हरी नावाच्या मोठ्या ट्रायलने डेक्सामेथॅसोन रोज ६ मिग्रॅ, ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच, असं सांगितलं होतं, आणि लोक घरी साध्या तापाला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिठ्ठीवरून घेत होते. नंतर म्युकरच्या पेशंटांनी वॉर्ड भरले. तिथे जीन शोधायची गरज नव्हती, शुगर आणि डोस बघितला की पुरे.

ज्यात रिसेप्टरचंच काम खरोखर बिघडलेलं असतं तो आजार फार दुर्मिळ. १९७६ साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात पहिल्यांदा नोंदला, आता त्याला क्रूसॉस सिंड्रोम म्हणतात. कॉर्टिसॉल खूप जास्त, पण कुशिंगचं एकही लक्षण नाही, रानवाटांच्या माकडासारखंच. १९९१ मध्ये त्या घराण्यातला जीनमधला दोष सापडला, रिसेप्टरच्या ६४१ व्या जागी. त्यांना त्रास कशाचा होतो माहीत आहे का, बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी. मेंदूला "पुरे" ऐकू येत नाही म्हणून एसीटीएच वाढतच जातं, अ‍ॅड्रिनल फुगते आणि कॉर्टिसॉलबरोबर मीठ धरून ठेवणारे हार्मोन पण जास्त बनवते. शिवाय जास्तीचं कॉर्टिसॉल किडनीतल्या एमआरवर जाऊन बसतं. बायकांत चेहऱ्यावर केस, मुरमं. उपचार काय? डेक्सामेथॅसोन, जरा जास्त डोसमध्ये, म्हणजे ते मठ्ठ कानात सुद्धा जातं.

रानवाटा
किडनीतल्या एमआरवर कॉर्टिसॉल एरवी का बसत नाही मग? तो तर दहापट घट्ट धरतो म्हणालात.

मिरजकर
उत्तम प्रश्न. कारण किडनीत दारावरच एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोनला एमआर ओळखत नाही. हे एन्झाइम बंद पाडायचा घरगुती उपाय सांगू का, ज्येष्ठमध. खोकल्याला चार दिवस काडी चघळली तर काही होत नाही, पण रोज काढा करून महिनोन् महिने पिणारे बीपीचे पेशंट येतात, पोटॅशियम खाली, पायात गोळे, आणि "नैसर्गिक आहे डॉक्टर". त्यातलं ग्लायसिरायझिन ते एन्झाइम अडवतं आणि कॉर्टिसॉल एमआरवर ठाण मांडतं. जीनमध्ये काही दोष नसताना.

अण्णा_बेरकी
डॉक्टर, हे आधी सांगायचं. आमच्या घरी ज्येष्ठमध आणि काढ्याचं पातेलं दोन्ही कायम गॅसवर. बीपीची गोळी पण चालू. उद्याच बंद करतो. पातेलं, गोळी नाही.

चहाबिस्किट
धागा सत्कारणी लागला. आपल्याकडे कुणी ट्रिअर टेस्ट केलीय का पण? की सगळे जर्मन आणि डचच थुंकतायत?

निंबोणी
केलीय. म्हैसूरला, पार्थेनॉन कोहॉर्टमधल्या (जन्मापासून मागोवा घेतलेल्या गटातल्या) पौगंडावस्थेतल्या मुलांवर, २०१४ मध्ये छापून आलं. बोलायला सांगितलं, वजाबाकी करायला लावली, थुंकीतलं कॉर्टिसॉल चढलं. आपली पोरं परीक्षेला सरावलेली असतात म्हणून चढणार नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. त्या गटाच्या कामाचा विषय जन्माच्या वेळचं वजन आणि आईची शुगर असा होता, रिसेप्टरच्या जीन्सचा नव्हे.

शेवंता७८
डॉक्टर, शेवटचं विचारते. मुलीचं रक्तातलं कॉर्टिसॉल एकदा करून घेऊ का? पॅकेजमध्ये आहे, डिस्काउंट चालू आहे.

मिरजकर
तिच्या अंगावर जांभळट रुंद व्रण आहेत का? थोडं लागलं तरी निळे डाग पडतात का? हातपाय बारीक आणि पोट-चेहरा गुबगुबीत? उकिडवं बसून उठताना हात टेकावे लागतात? काही नसेल तर नका करू. व्हायवाच्या भीतीला कॉर्टिसॉलची टेस्ट नाही. दोन-तीन मैत्रिणींना समोर बसवून तोंडी प्रश्न विचारायला लावा, एकदा नाही पाच-सहा वेळा, आणि त्यानेही झोप-जेवण सुटत असेल तर समुपदेशकाकडे न्या.

शेवंता७८
असलं काहीच नाही. फक्त पाळी अनियमित म्हणून तिच्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, तीन महिने झाले.

निंबोणी
मग तर मुळीच नको! त्या गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रोटीन वाढवतं, रिपोर्टमध्ये एकूण कॉर्टिसॉल दणकून जास्त येईल, लाल अक्षरात, आणि तुमची रात्रीची झोप जाईल. मोकळं कॉर्टिसॉल मात्र जागच्या जागी असेल. अशा मुलींना डेक्सामेथॅसोनची टेस्ट पण फसवते, रात्री १ मिग्रॅ देऊन सकाळी ८ ला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं ते येत नाही, म्हणून खरंच गरज असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सहा आठवडे थांबवून मग करतात. आमच्याकडे फॉर्मवर "चालू औषधं" असा रकाना असतो आणि दहातले नऊ जण तिथे "नाही" लिहितात, मग विचारलं की निघतं, इनहेलर आहे, गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं, चेहऱ्याला एक क्रीम लावते.

शेवंता७८
क्रीम पण सांगायचं? ती लावते एक, मैत्रिणीने दिलंय, डाग जायला.

निंबोणी
ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलं काही स्टेरॉइड लिहिलंय का बघा आणि फोटो काढून तिच्या डॉक्टरांना पाठवा. असेल तर एकदम बंद करू नका, त्यांना विचारून.